बाईंचा बँड आणि उस्मानभाईंची सारंगी

“कोण वारलं गं बाई इथं?”

आमच्या वाद्यवृंदाची ती पहिली सुपारी. परळीतलं मंगल कार्यालय, दारात केळीचे खांब, नवरानवरी अजून फोटो काढण्यात अडकलेली, आणि उस्मानभाईंनी सूर जुळवायला सारंगीवर नुसता एक गज ओढला. तेवढ्यात आत आलेल्या एका आजीबाईंनी पदर तोंडाला लावून हा प्रश्न विचारला. त्यांचा तरी काय दोष? पूर्वी कुणी मोठा पुढारी गेला की रेडिओवरची गाणी बंद आणि दिवसभर सारंगी. आमच्याकडच्या दोन पिढ्यांच्या डोक्यात सारंगी म्हणजे सुतक असं बसलेलं. मी उठून आजींचा हात धरला. म्हटलं, “आजी, कुणी न्हाई वारलं. लग्न हाय. बसा, जेवून जा.” आजी बसल्या, पण पहिलं गाणं संपेपर्यंत त्यांनी पदर काही खाली घेतला नाही.

मी परळीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं संगीत शिकवलं. संगीत म्हणजे काय, तर सकाळची प्रार्थना, पाहुणे आले की स्वागतगीत आणि स्नेहसंमेलनात समूहगान. माझं खरं वाद्य व्हायोलिन. ते मी अंबाजोगाईला गुरुजींपुढं मांडी घालून शिकले. आपल्याकडं व्हायोलिन खाली बसून वाजवतात, एक टोक खांद्याशी आणि दुसरं पायाच्या घोट्यावर. सिनेमात उभं राहून, मान वाकडी करून वाजवतात ते वेगळे लोक. त्यामुळं सतरंजीवर मांडी ठोकून इंग्रजी रॉक वाजवणारा बँड म्हणजे आम्हीच. दुसरा असेल तर मला भेटायला आवडेल.

आम्ही तिघं. मी व्हायोलिनवर. सतारीवर दिगंबरराव. ते थर्मलच्या, म्हणजे परळीच्या वीजकेंद्राच्या, स्टोअरमध्ये नोकरीला होते. कॉलनीत एका बंगाली साहेबांची बायको सतार वाजवायची. हे स्टोअरमधून बल्ब बदलायला म्हणून गेले ते आठ वर्षं तिच्याकडं शिकतच राहिले. आणि सारंगीवर उस्मानभाई, धर्मापुरीचे. त्यांच्या घरात चार पिढ्या सारंगी. पण पेटी आली आणि गाणाऱ्यांना सारंगी नकोशी झाली. पेटी सोपी, कुणीही वाजवावी, आणि रुसत नाही. उस्मानभाईंनी मग शिलाईचं मशीन घेतलं आणि गावात सदरे-पायजमे शिवत बसले. सारंगी वाजवताना तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी घासून वाजवतात. तिथं घट्टे पडतात. मी त्यांना शोधत दुकानात गेले तेव्हा ते काजं करत होते. त्यांच्या बोटांवर ते घट्टे तसेच होते, म्हणून ओळखलं की हा माणूस अजून घरी वाजवतोय.

“उस्मानभाई, लग्नात वाजवाल का? सिनेमाची गाणी. भावगीतं बी.”

“गाणार कोण हाय?”

“कुणीच न्हाई. आपुन तिघं नुसतं वाजवायचं.”

त्यांनी सुई कापडात खोवली आणि माझ्याकडं बघितलं. “गाणारा न्हाई, तर मी जाऊ कुणाच्या मागं?”

“माझ्या,” मी म्हणाले. त्या वेळी मला वाटलं, हो म्हणायला काय जातंय.

लोक आम्हाला ‘बाईंचा बँड’ म्हणायला लागले. आमचं ठेवलेलं नाव चांगलं संस्कृत होतं, पण ते पत्रिकेवरच राहिलं. ढोलकी नाही, तबला नाही, नुसत्या तारा. बघणाऱ्याला वाटायचं, अर्धी माणसं यायची राहिलीत. “बाकीचे कवा येणार?” हे तर प्रत्येक कार्यालयात विचारायचे.

इंग्रजी गाण्याचं खूळ आलं ते परळीजवळच्या एका बड्या बागायतदाराच्या घरून. तालुक्याच्या राजकारणातलं मोठं प्रस्थ, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांचा पुतण्या पुण्यात शिकून आलेला. त्याला स्वतःच्या लग्नात मांडवात शिरताना एका इंग्रजी बँडचं गाणं पाहिजे होतं आणि तेही डीजेवर नाही, तारांवर. गाण्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला ते आजपर्यंत धड उच्चारता आलेलं नाही. त्यानं मोबाइलवर ऐकवलं. आधी वाटलं कुणीतरी पत्रे ओढत नेतंय. तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी मी वही काढली आणि सगळं गाणं सारेगमात उतरवून घेतलं. दिगंबररावांनी सतारीवर वाजवून बघितलं आणि ओरडलेच, “अहो बाई, ह्यो तर धानी हाय!”

खरंच धानी होता. पाच सुरांचा आपला धानी राग. कोमल गंधार, कोमल निषाद, सगळं जागच्या जागी. सातासमुद्रापलीकडं ती लांब केसांची पोरं आरडाओरडा करत होती ती धानीतच. तेव्हापासून मी इंग्रजी गाण्यांना नावं ठेवायचं सोडून दिलं. माझ्या वहीत पुढं अशी बावीस गाणी जमली, सगळी सारेगमात, आणि प्रत्येकावर रागाचं नाव. इंग्रजी नावं लिहिलीच नाहीत. लिहून उपयोग काय, वाचणार कोण?

आता हा धंदा बाहेरच्या माणसाला कळावा म्हणून जरा सांगते. सारंगीला गजानं वाजवायच्या तारा तीनच. पण त्यांच्या खाली तीस-पस्तीस बारीक तारा असतात, त्यांना तरफा म्हणतात. त्यांना कुणी हात लावत नाही. वर सूर अगदी जागेवर लागला की त्या सुराची तरफ खालून आपोआप बोलते. म्हणून सारंगीला ती गुंज असते. पण गाण्याचे सूर बदलले की निम्म्या तरफा पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि त्याला वीस मिनिटं तरी जातात. म्हणून आमच्या कार्यक्रमाचा क्रम ठरलेला. आधी शुद्ध गंधाराची सगळी गाणी. मग पंगत बसली की तिकडं वरण-भात वाढतात आणि इकडं उस्मानभाई खुंट्या पिळतात. आणि जेवणं झाली की कोमल गंधाराची. त्यामुळं फर्माइश हा प्रकार आमच्याकडं नव्हता.

त्याच लग्नात मांडवप्रवेश झाला, धानी झाला, टाळ्या झाल्या आणि भाऊ मंचाजवळ आले. त्यांना त्यांच्या तरुणपणाचं एक सिनेमाचं गाणं पाहिजे होतं. ते शुद्ध गंधाराचं. त्या दिवशी पुतण्याच्या हट्टापायी क्रम उलटा लावलेला, म्हणून ते जेवणानंतर येणार होतं.

“भाऊ, जेवणानंतर,” मी म्हणाले.

“आत्ता वाजवा की.”

“आत्ता गंधार कोमल हाय.”

भाऊंनी आजूबाजूच्या कार्यकर्त्यांकडं बघितलं. “माझ्यासाठी साहेब लोकं थांबत्यात बाई. आन् तुमचा गंधार थांबत न्हाई व्हय?”

“न्हाई,” मी म्हणाले. दिगंबररावांनी मागून माझा पदर ओढला. भाऊ पोट धरून हसले आणि खुर्ची ओढून उस्मानभाईंच्या समोर बसले. पूर्ण वीस मिनिटं त्यांनी तरफा जुळताना बघितल्या. जेवायला उठले नाहीत. पुढं त्यांनी आम्हाला सात लग्नं मिळवून दिली.

लिंबागणेशकडच्या एका लग्नाची आठवण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मेंढरं राखणारं आणि थोडी शेती करणारं घर. मुलगी शिकून नोकरीला लागलेली. तिनं हट्टानं आम्हाला बोलावलेलं. आम्ही धानीतलं ते इंग्रजी गाणं वाजवत होतो आणि तिचे आजोबा खांद्यावर घोंगडं टाकून अगदी मंचाला लागून बसले होते. गाणं संपलं.

“ह्ये कुणाचं म्हनायचं?” आजोबांनी विचारलं.

“इंग्रजांचं, आजोबा.”

“त्यांच्यात बी मेंढरं असत्यात वाटतं.”

“कावून?”

“ही हाळी हाय की. लांब गेलेल्या कळपाला मारत्यात तशी.” आणि त्यांनी तोंडाशी हात नेऊन अशी एक हाळी मारली, की उस्मानभाईंचा गज आपोआप उचलला गेला आणि ते त्या हाळीच्या मागं गेले. म्हातारा हाळी मारतोय आणि सारंगी सावलीसारखी पाठीमागं. सगळं वऱ्हाड जेवण सोडून तिथं गोळा झालं. आमच्या पंधरा वर्षांतला सगळ्यात चांगला कार्यक्रम तोच, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

उस्मानभाई असेच होते. आयुष्यभर गाणाऱ्याच्या डाव्या अंगाला बसलेले. साथीदारानं आधी सुरुवात करायची नाही, गाणाऱ्याच्या पुढं जायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. पंधरा वर्षांत एकही गाणं त्यांनी स्वतःहून सुरू केलं नाही. मी गज टेकवायची, अर्ध्या श्वासानंतर ते यायचे. आणि मी चुकले तर? एकदा एका साखरपुड्यात मी दुसऱ्या कडव्याऐवजी तिसऱ्याच गाण्याच्या कडव्यात शिरले. दिगंबरराव थांबले, तोंडाचा आ करून बघत बसले. उस्मानभाई माझ्याबरोबर त्या चुकीच्या कडव्यात शिरले, ते वाजवलं, आणि मला हाताला धरून आणल्यासारखं परत जागेवर आणलं. लोकांना वाटलं असंच बसवलंय. गाडीत मी म्हणाले, “उस्मानभाई, तुमी लई वस्ताद.” ते म्हणाले, “गाणारा चुकला तर त्याच्या संगं चुकावं, बाई. एकटा चुकला तर चूक. दोघं चुकले तर चाल.” आम्ही तिघंही खूप हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात, हे मला फार उशिरा कळलं.

सगळं बिघडायला लागलं ते गेल्या दोन-तीन वर्षांत. सतार आणि सारंगी एकमेकींना खायला लागल्या. खालच्या सुरांत ठीक, पण गाणं वर चढलं की काहीतरी कचकचायचं. सतारीला पडदे असतात. पडद्यावर बोट ठेवलं की सूर तोच येणार, सतारीला खोटं बोलता येत नाही. सारंगीला पडदे नाहीत, तिथं वाजवणाऱ्याचा कान हाच पडदा. म्हणजे चुकत होती ती सारंगीच. शिवाय तिची ती गुंजही गेली होती. वरच्या सुरांना तरफा बोलायच्याच नाहीत.

“उस्मानभाई तरफा नीट लावत न्हाईत आताशा,” दिगंबरराव म्हणाले.

“वय झालं,” मी म्हणाले. सत्तरी ओलांडली होती त्यांनी. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. पण हा हिशोब मी स्वतःपुरता कधी केला नाही. व्हायोलिनलाही पडदे नसतात, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही. तीस वर्षं मुलींचे सूर दुरुस्त करत आलेली बाई. दुसऱ्याचं चुकतंय हे कळायला मला क्षणही लागायचा नाही.

परळीतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन होतं. मोठं घर, मोठा मांडव, पाहुणे लांबलांबचे. पहिलं गाणं वर चढलं आणि कचकच सुरू. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं चक्क कानावर हात ठेवला. माझं डोकं फिरलं. गाणं संपलं तसा मी गज खाली ठेवला आणि उस्मानभाईंकडं वळले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! माइक चालू आहे का बंद हेही बघितलं नाही.

“उस्मानभाई, तुमचे कान गेलेत. बांधून ठेवा ती सारंगी.”

माइक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

उस्मानभाई माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता त्या नजरेत. काहीतरी सांगायचंय आणि सांगू की नको, असं काहीसं होतं. मग म्हणाले, “जी, बाई.” सारंगी खोळीत घातली, नाडी बांधली, मंचावरून हळूहळू उतरले आणि चालत एस.टी. स्टँडकडं गेले. मी त्यांना थांबवलं नाही. दिगंबररावांनीही नाही.

उरलेला कार्यक्रम आम्ही दोघांनी केला आणि तो आणखी वाईट झाला. दोन गाण्यांनंतर यजमानांनी हात जोडले. “लई झालं बाई, दमला असाल,” म्हणाले, आणि डीजेवाल्याला खूण केली. मी मनाशी म्हणाले, त्या माणसामुळं माझा मूडच गेला. बघा, तेव्हाही दोष त्यांचाच.

महिनाभरानं त्या मुलीच्या आईनं रिसेप्शनचा व्हिडिओ पाठवला. घरात टीव्ही चालू होता म्हणून सूनबाईचे इअरफोन घेतले आणि ऐकायला बसले. दोन मिनिटांनी मी ओरडले, “रेखा, तुझ्या इअरफोनची डावी बाजू गेलीय गं. नुसती घुसमटल्यासारखी वाजतीय.”

रेखा हात पुसत आली, तिनं ते स्वतःच्या कानात घातले. “न्हाई की आई. दोन्ही चालू हायत.”

“न्हाई कसं? आण इकडं.” मी बाजू बदलून घातले, डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. आता मघाची बिघडलेली बाजू नीट वाजत होती, आणि मघाची चांगली बाजू घुसमटली होती. रेखानं टीव्ही बंद केला. माझ्या समोर खुर्चीवर नुसती बसून राहिली.

मग मी फक्त उजवा कान ठेवला आणि ते गाणं पहिल्यापासून ऐकलं. सतार जागेवर होती. जागेवर असणारच. व्हायोलिन वर चढलं आणि उतरलं. माझं व्हायोलिन! तार सप्तकात गेलं की प्रत्येक सूर केसभर खाली, मग दोन केस खाली. आणि सारंगी? सारंगी आधी जागेवर होती, तरफा बोलत होत्या. मी उतरले की अर्ध्या श्वासानं उस्मानभाई जागा सोडून खाली यायचे, माझ्याजवळ, आणि तरफा गप्प व्हायच्या. आपल्या पस्तीस तारांची गुंज सोडून तो माणूस माझ्याबरोबर बेसूर व्हायला खाली येत होता. पुढच्या ओळीत परत वर जायचा, मी उतरले की पुन्हा खाली. मी ते गाणं सहा वेळा ऐकलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं वर्गात पोरींना किती वेळा म्हणाले असेन मी. आता ते स्वतःला म्हणायचंही त्राण राहिलं नव्हतं. मी ढसाढसा रडले.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कानाला वरचे सूर ऐकूच येत नाहीत, म्हणाले, आणि येतात ते वेडेवाकडे येतात. आणि व्हायोलिन असतं ते डाव्याच कानाजवळ. “किती दिवस झाले असतील?” मी विचारलं. “दोन-तीन वर्षं सहज,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी धर्मापुरीला गेले. उस्मानभाई मशीनवर बसून शाळेचा गणवेश शिवत होते. मला बघून उठले, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. जणू काही झालंच नव्हतं. मला ते जास्त लागलं.

“माझे कान गेलेत, उस्मानभाई,” मी म्हणाले. “तुमचे न्हाई.”

ते खाली कापडाकडं बघत राहिले.

“तुमाला ठावं होतं?”

“व्हय.”

“कवापासून?”

“भाऊंच्या नातवाचं बारसं होतं ना, तवापासून.”

“अहो दोन वर्षं झाली त्याला! कावून बोलला न्हाईत? एका शब्दानं तरी?”

“काय बोलू?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “गाणाऱ्याला साथीदारानं सांगायचं की तुमी बेसूर हाव? ह्ये आमच्यात न्हाई, बाई. माझ्या बापानं एका उस्तादाच्या मागं तीस साल वाजवलं. म्हातारपणी उस्तादचा आवाज फाटला, तर बापानं तार ढिली करून सारंगी फाटल्यासारखी वाजवली. मी ह्येच शिकलो.”

“आन् मी तुमाला मांडवात, माइकवर…”

“ते बी गाणाऱ्याचा हक हाय,” ते म्हणाले आणि मशीनचं चाक उगीच फिरवलं. “पर लागलं मला. खोटं कावून बोलू? लई लागलं. घरी येऊन तीन दिवस खोळीची नाडी सोडली न्हाई.”

मी त्यांची माफी मागितली. शब्द जुळवून नाही, जशी आली तशी. ते “नक्को, नक्को” म्हणत राहिले. त्यांची सून दारात उभी राहून ऐकत होती, तिच्यासमोरही मागितली, कारण मांडवात केलेला अपमान बंद खोलीत भरून निघत नाही.

थोड्या दिवसांनी दिगंबररावांचा निरोप आला. थर्मलच्या कॉलनीत, जिथं मीही आयुष्य काढलं, जुन्या लोकांचा मेळावा होता. विजेचे जुने संच बंद झाले, कॉलनीतली निम्मी घरं रिकामी पडली, माणसं पुण्याला, संभाजीनगरला पोरांकडं गेली. ती सगळी एक दिवस क्लबच्या हॉलमध्ये जमणार होती. दुपारची वेळ, जेवणानंतर. त्यांना बाईंचा बँड पाहिजे होता आणि तेच धानीतलं इंग्रजी गाणं.

“मी व्हायोलिन ठेवून दिलंय,” मी म्हणाले. “उस्मानभाई पुढं वाजवतील. सारंगी पुढं, सतार मागं.”

उस्मानभाईंनी फोनवर नुसतं “बघू” म्हटलं.

हॉल भरला. छताच्या पंख्यांवर तीच कोळशाच्या राखेची साय, जी आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर खिडक्यांवरून पुसली. तिशी-चाळिशीतली माणसं लहानपणी याच हॉलमध्ये मी बसवलेल्या नाचांत नाचलेली. आता त्यांचे केस पांढरे होत होते. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. दिगंबररावांनी सतार जुळवली, मान हलवली. उस्मानभाईंनी गज तारेवर टेकवला आणि थांबले.

हॉल थांबला. दिगंबररावांनी पुन्हा मान हलवली. उस्मानभाई थांबलेलेच. लोकांना वाटलं ध्यान लावतायत. मला कळलं की त्यांना सुरुवातच करता येत नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांत कधी केलेलीच नाही. गज तारेवर आहे, बोटं जागेवर आहेत, आणि तो माणूस कुणीतरी पुढं जायची वाट बघतोय. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

मी उठले. मंचावर गेले, त्यांच्या उजव्या अंगाला मांडी घातली आणि हळूच म्हणाले, “मी गाते. सारेगमात. पर एक अट हाय. मी उतरले तर तुमी उतरायचं न्हाई.”

“बाई, जमायचं न्हाई मला.”

“जमवा. न्हाईतर मी उठते.”

त्यांनी गज सावरला. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. माझा आवाज म्हणजे काय, शाळेत ओरडून ओरडून घोगरा झालेला. इंग्रजी शब्द मला येत नाहीत, म्हणून नुसते सूर. सा, ग, म, प. अर्ध्या श्वासानं मागून सारंगी आली. हॉलमध्ये कुणीतरी “अरे वा” म्हणालं. खालचं कडवं नीट गेलं. सतार जागेवर, सारंगी जागेवर, माझा घोगरा आवाज त्यांच्यामध्ये कसाबसा बसलेला.

मग गाणं वर चढलं. तार षड्ज मी घेतला आणि माझ्या मते तो बरोबर लागला. मला तो अगदी स्वच्छ ऐकू येत होता. मी वाट बघितली. अर्धा श्वास झाला, एक झाला, आणि उस्मानभाई काही माझ्यापाशी आले नाहीत.

ते वर होते, माझ्यापेक्षा वर. तिथंच उभे राहून त्यांनी तो एक सूर लांब ओढला. पुढच्या रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. माझ्याच कॉलनीत, मीच शिकवलेल्या पोरांसमोर, बाई बेसूर आहेत हे सगळ्या हॉलला कळत होतं. मी डोळे उघडले. उस्मानभाईंची मान खाली, कपाळावर घाम. पण सूर हलत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ते गाणाऱ्याला एकटं सोडून वर थांबले होते आणि ते त्यांना किती जड जात होतं, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं.

मी मान वळवून त्यांच्या सुराकडं कान दिला, उजवा. आवाज हळूहळू उचलला. एकदा कमी पडला, पुन्हा उचलला, आणि लागला.

“माफ करा, बाई,” गज न थांबवता ते पुटपुटले.

“गप. वाजवा,” मी म्हणाले आणि पुढची ओळ घेतली.